कंदुरीचा अंगठा

बाळांनो, डोळे मिटा. सत्त्याऐंशी सालची संक्रांत आहे आणि आपण पिंगळीतल्या एका अंगणात उभे आहोत.

खुर्चीत दिनकरआबा बसलेत. त्यांच्या पायाचा अंगठा गाऊटनं लालबुंद सुजलाय. धोतराचा काठ लागला तरी कळ मस्तकात जाते. डॉक्टरांनी मटण बंद केलं होतं, पण परवा आबा शेजारच्या गावात चोरून कंदुरी, म्हणजे नवसाच्या बकऱ्याचं मटण, जेवून आले. हे फक्त नात कावेरीला ठाऊक. "आजीला सांगशील तर बघ," असा दमही तिला मिळालेला.

एवढ्यात पुतण्या भुजंग तिळगूळ घेऊन दारात आला. बांधाच्या भांडणानंतर कित्येक वर्षांनी तो हा उंबरा चढत होता.

"आबा, मागचं सारं सोडा," म्हणत तो पायावर वाकला. पाय मागं घेतला, तर तो रागानं कायमचा जाणार. आबांनी दात आवळले. आजी बघतच होती.





कावेरीनं कोंबड्या झाकायचं डालगं आबांच्या सुजल्या पायावर पालथं घातलं आणि ओरडली, "भुजंगकाका, त्या पायाला पडा! ह्या पायात कंदुरी हाय!"