घोडी लंगडती हाय

कासराभर दिवस वर आला होता आणि न्हावऱ्याचे मारुतराव ओढ्याकाठच्या वाटेनं भराभर पायी चालले होते. हातात घोडीचा लगाम. मागं घोडी, तिच्या पाठीवर खोगीर, आणि खोगिरावर कुणी नाही.

"आप्पा, घोडीला काय झालं?" मळ्यातून दगडोबानं हाक घातली.

"लंगडती हाय."

"कुठल्या पायानं?"

"मागच्या."

"आन् काल तर पुढच्या म्हणला व्हता!"

मारुतराव थांबले नाहीत. ह्या दगडोबाला दुसरा काही धंदा नाही मेल्याला. दुसऱ्याच्या जनावराचे पाय मोजत बसतो.

घोडी धडधाकट होती. लंगडी बाजू धन्याची होती. मारुतरावांच्या लघवीतून साखर जात होती. शिरूरला दाखवलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या तालुक्याला कळेल, म्हणून ते गुपचूप दौंडच्या गिदोन डॉक्टरांकडं जाऊन आले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज तासभर चाला. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतकं भराभर."

"घोडीवर बसून गेलं तर?"

"मग घोडीची तब्येत सुधारेल."

डॉक्टरांना बोलायला काय जातंय! एवढा मोठा बागायतदार बिनकामाचा पायी फिरताना दिसला, तर लोक म्हणणार, मारुतराव बुडाला, घोडीसुद्धा विकली. आणि खरं सांगावं, तर बापाचा रोग लेकीत उतरतो म्हणून रंगूची सोयरीक मोडणार. इकडं आड, तिकडं विहीर. दोन स्थळं हातची गेल्यावर आंबळ्याच्या पोपटरावांच्या मुलाशी कसंबसं जमलं होतं. उद्या सुपारी फोडायची होती. तेवढ्यापुरती घोडी लंगडी झाली होती.

पण मारुतरावांना घोर होता तो वेगळ्याच गोष्टीचा. परवा पोपटराव घरी येऊन गेले. बायकोनं, मालनबाईंनी, साजूक तुपातला शिरा केला होता. पोपटरावांनी बोटभर चाखला आणि ताटली सरकवली. चहा तर तसाच निवला. तेव्हापासून मालनबाईंनी धोशा लावला होता, "सोयऱ्याच्या घरचा ग्वाड घास कुनी टाकतं व्हय? त्यास्नी कायतरी कळलंय. माझ्या रंगूचं न्हाई जमत बघा ह्ये." बायकोला गप्प करता येत होतं, मनाला येत नव्हतं.

करंजाच्या झाडापाशी वाट वळली आणि मारुतराव जागीच थबकले. समोरून पांढरा फेटा येत होता. पोपटरावच. तेही पायी, हातात सायकल धरून.

लपावं तर एकीकडं ओढा, दुसरीकडं बाभळी. घोडीवर चढावं म्हणून त्यांनी घाईनं पाय उचलला, तर तो रिकिबीपर्यंत पोचेचना. तोवर पाहुणे पुढ्यात आले होते.

"रामराम, पाव्हणं."

"रामराम."

पोपटराव घामानं निथळत होते. त्यांची नजर घोडीच्या पायांवर गेली. आणि त्या भवानीनं नेमकी तेव्हाच वाटेतली पाण्याची चारी टुणकन उडी मारून पार केली.

"घोडी लंगडती हाय," मारुतराव न विचारताच बोलले.

"सायकल पंक्चर हाय," पोपटरावही न विचारताच बोलले.

पाहुण्याचं रान तर आंबळ्याच्या पल्याड, मग हा माणूस एवढ्या सकाळी न्हावऱ्याच्या वाटेला कशाला? सोयरीक मोडायला येणारा माणूस असाच आडवाटेनं येतो.

"चला की घरी. च्या घिऊ."

"च्या नगं!" पोपटराव दचकून म्हणाले. लगेच ओशाळले. "म्हंजी, आता नगं."

संपलं. मारुतरावांनी सायकलीच्या मागच्या चाकाचा आधार घेतला.

"पाव्हणं, मनात काय आसंल त्ये हितंच बोला. पोरीचा जीव टांगून ठिवू नगा. तिनं काय वाईट क्येलंय तुमचं?"

पोपटराव खाली बघत राहिले. मारुतरावही खाली बघत राहिले आणि मग त्यांना कळलं, की आपल्या हाताखालचं टायर दगडासारखं टणक आहे. त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग वाकून पुढचंही दाबलं. दोन्ही चाकं हवेनं तट्ट फुगलेली.

त्यांनी मान वर केली. पोपटराव त्यांच्याकडंच बघत होते. घामानं पाठीला चिकटलेल्या सदऱ्याकडं, रिकाम्या खोगिराकडं, आणि चारी पाय रोवून मजेत हरळी खाणाऱ्या घोडीकडं.

पोपटरावांनी फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं, सायकल आल्या वाटेकडं वळवली आणि म्हणाले, "उद्या सुपारीला शिरा नगा म्हणावं वैनीस्नी. साधी भाजी-भाकरी करा."

मारुतराव लगाम धरून त्यांच्या मागोमाग निघाले. दहा-वीस पावलं झाली असतील नसतील, पोपटराव मागं न बघता म्हणाले,

"जरा भराभर चला, पाव्हणं. आपल्याला आजून गाता येतंया."