पहिली थोबाडीत

"हा करा," वच्छला म्हणाली.

घनश्यामनं निमूट तोंड उघडलं. तिनं नाक पुढे नेऊन वास घेतला. गोडसर, शिळा. मोहाच्या दारूचा नव्हता. पण पिणाऱ्यांच्या युक्त्या काय कमी असतात? वच्छला गावच्या महिला दारूबंदी मंडळाची अध्यक्ष होती. न्हाणीतली, तणसाच्या ढिगातली दारूची मडकी तिनं हुडकून फोडली होती. आता स्वतःच्याच नवऱ्यावर पाळत ठेवायची वेळ आली, याची तिला मनस्वी चीड होती.

दोन महिने ती बघत होती. तलावावर डोंगा वल्हवून, जाळं घेऊन परतताना घनश्यामचा तोल जायचा. बोलता बोलता डोळा लागायचा. दंडांवर, मांड्यांवर काळेनिळे डाग. विचारलं की म्हणायचा, डोंग्याचा काठ लागला. काठ लागून एवढं निळं पडतं होय? झिंगून कुठेतरी आपटत असणार. त्यात दर मंगळवारी स्वारी ब्रह्मपुरीच्या गाडीत. वैनगंगेच्या अलीकडे, आपल्या जिल्ह्यात दारूबंदी, पलीकडे ब्रह्मपुरीत दुकानं उघडी. नदी ओलांडून माणूस कशाला जातो, हे आरमोरीकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

शेवटी मंडळातल्या बायनाबाईनं भर सभेत विषय काढलाच. "आमच्या नवऱ्याले इथी उभं केलंस, बाई. तुह्यावाला काऊन घरी?"

नियम वच्छलानंच केलेला. पिऊन सापडेल त्याला समाजमंदिरासमोर उभं करायचं आणि पहिली थोबाडीत त्याच्या बायकोनंच द्यायची. दुसऱ्यांचे नवरे होते तोवर तिला हा नियम फार सोपा वाटला होता.

घनश्यामला बोलावलं. तो झोकांड्या खातच आला. "पेलो नाई," एवढंच म्हणाला. सगळेच तसं म्हणतात. वच्छलानं हात उगारला आणि दिली ठेवून.

नाकातून रक्त आलं. येतच राहिलं. शर्ट भिजला, तिचा पदर भिजला, बायनाबाईनं आणलेला पंचाही भिजला. पाण्यानं थांबेना, दाबून थांबेना. जीपमध्ये घालून ब्रह्मपुरीचा दवाखाना गाठला. तरी वच्छलाचा संशय काही गेला नव्हता.

"डॉक्टरसाहेब, हे कवापासून पेत असतीन?"

सलाईन लावता लावता डॉक्टरांनी मान वर केली. "कोण, घनश्यामभाऊ? ते पीत नाहीत. जुन्या काविळीनं त्यांचं लिव्हर सुकलंय. रक्त गोठायला लागणारी प्रथिनं लिव्हरच बनवतं, ती आता पुरेशी बनत नाहीत. म्हणून जरा लागलं की डाग पडतो, रक्त थांबत नाही. डोळ्यांवरची झापड, तोल जाणं, तोंडाचा वास, सगळं त्या लिव्हरचंच. दर मंगळवारी तपासायला येतात की माझ्याकडे. तुम्हाला नाही सांगितलं?"

वच्छलाला रडू आलं आणि घनश्यामचा रागही आला. आपलाच उजवा हात तिला नकोसा झाला.

बऱ्याच वेळानं रक्त थांबलं. ती खाटेजवळ गेली.

"काऊन लपवलं जी माह्यापासून?"

घनश्यामनं नाकातला बोळा सावरला.

"लिवर गेलं म्हटलं का लोकं दारूच समजतेत," तो म्हणाला. "मंग तुह्या मंडळाचं कोनं आयकलं असतं?"