गिअरबॉक्सचं तेल

विमा कंपनीकडून पाहणीला आलेल्या बाईंनी केबिनच्या पायऱ्या उचलून बाजूला ठेवल्या. पायऱ्यांमागे इंजिन होतं. बाईंनी हातातली बॅटरी लावली, गुडघे टेकले आणि आत डोकं घातलं. "गिअरबॉक्सपासून सुरुवात करू," त्या म्हणाल्या.

मेकॅनिक त्यांच्या मागे उभा होता. शिडाची ही बोट त्याच्या थोरल्या भावाची. तिचं इंजिन मेकॅनिकनेच बसवलं होतं. आठ महिन्यांपूर्वी बोट वाळूवर आडवी पडलेली सापडली. रिकामी. दादा तिसऱ्या दिवशी सापडला. तेव्हापासून विमा कंपनीने सील ठोकून ती टेकूंवर उभी केली होती. सील आज निघालं होतं. वहिनी केबिनमधल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

आठ महिन्यांत मेकॅनिक रडला नव्हता. कामावर जात होता, जेवत होता, झोपतही होता. दर रविवारी वहिनींकडे जाऊन काहीतरी दुरुस्त करून येत होता. नळ, दिव्याचं बटण, दाराची कडी. कडी तर दोनदा. "सख्खा भाऊ गेला, पण याच्या डोळ्यांत टिपूस नाही," असं नातेवाईक म्हणत. त्याला ते ऐकू येई, लागत नसे. वर्कशॉपमध्ये मात्र तो प्रत्येक इंजिनाचं तेल पट्टी घालून तीन-तीनदा बघे. "हा आता चहातसुद्धा पट्टी बुडवून बघणार," सोबतचे म्हणत. तोही हसे. अशा वेळी हसायचं असतं, एवढं त्याच्या लक्षात होतं.

खरी गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. दादा निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने याच गिअरबॉक्समधलं जुनं तेल पंपाने उपसून काढलं होतं. नवं ओतणार, तेवढ्यात धक्क्यावरून हाक आली. दुसऱ्या एका बोटीत पाणी शिरत होतं. तो धावत गेला, तो तिकडचाच झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचा फोन आला. मागे वारा नुसता घोंघावत होता. "अरे, इंजिन सुरू आहे, पण बोट पुढे सरकत नाही. काय करू?" तो काही सांगणार, इतक्यात फोन तुटला. त्याने हत्यारांची पिशवी उघडली. नव्या तेलाची बाटली आत होती. तिचं बूचही उघडलेलं नव्हतं.

तेल नसलं की गिअर पकडत नाही. इंजिन ओरडत राहतं आणि बोट जागची हलत नाही. त्याच्या धंद्यातल्या कुणालाही हे सांगावं लागलं नसतं.

आज ते सगळ्यांसमोर येणार होतं. त्याला भीती वाटत नव्हती. सुटल्यासारखंही वाटत नव्हतं. दात काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर गाल जसा बधिर होतो, तसा तो आतून झाला होता.

बाईंनी तेल मोजायची पट्टी फिरवून बाहेर काढली, फडक्याने पुसली. मग वळून विचारलं, "ही परत फिरवून घट्ट करायची, की नुसती टेकवायची?"

"नुसती टेकवा," मेकॅनिक म्हणाला. "घट्ट केली की खोल जाते. आहे त्यापेक्षा जास्त तेल दिसतं."

बाईंनी पट्टी टेकवली, काढली, उजेडात धरली. "बरोबर खुणेपर्यंत आहे. स्वच्छ आहे."

"पुन्हा बघा."

त्यांनी पुन्हा पुसली, पुन्हा टेकवली. तेल खुणेपर्यंतच होतं. मधाच्या रंगाचं, नवंकोरं.

बाई आणखी आत सरकल्या. पाना लावून त्यांनी काहीतरी उघडलं आणि बराच वेळ निरखलं. "हे बघा. गिअरबॉक्स आणि पाण्यातल्या पंख्याचा दांडा जोडणारं कपलिंग. त्याच्या आतली खिट्टी मोडलीय. इंजिन फिरत राहिलं, पंखा फिरलाच नाही. हे उघडल्याशिवाय कुणालाही दिसलं नसतं."

"पण मी तेल भरलंच नव्हतं," मेकॅनिक म्हणाला.

तो वहिनींकडे बघत होता. मग त्याने सगळं सांगितलं. उपसलेलं तेल, आलेली हाक, दादाचा फोन, पिशवीतली बाटली. दुसऱ्याच कुणाचा तरी जबाब वाचून दाखवावा, तशा आवाजात.

त्याचं बोलणं संपल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आठ महिने हे मनात घेऊन फिरताय तुम्ही?"

त्याने मान हलवली.

"अहो, तेल ह्यांनी भरलं. त्या सकाळी मी ह्यांना सोडायला धक्क्यावर आले होते ना. निघण्याआधी ह्यांनी पट्टी काढून बघितली, तर कोरडी. बोटीत जादाची बाटली होती, ती ओतली. हसत होते. म्हणाले, धाकटा विसरला वाटतं. त्याला बोलू नकोस हां, उगाच मनाला लावून घेईल." वहिनींनी मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. "म्हणून नाही बोलले मी. त्यात एवढं काही असेल, असं मला वाटलंच नाही हो."

पाहणीच्या बाई उठल्या आणि वर डेकवर गेल्या. मेकॅनिक त्यांच्या जागी इंजिनाशेजारी खाली बसला. फडकं हातात घेऊन बोटं पुसू लागला. बोटं स्वच्छ होती, तरी पुसत राहिला. मग त्याची हनुवटी थरथरायला लागली. ती थांबेना.

"वहिनी," तो म्हणाला, "दादा गेला." कुणीतरी आत्ताच येऊन त्याला सांगितल्यासारखं.