चरबीची गोळी

रक्ताच्या कॅन्सरवर कोलेस्ट्रॉलची जुनी गोळी चालते का, हे लातूरचे डॉक्टर तपासून पाहत होते. क्लासच्या पोरांचे शर्ट शिवणारा नजीर त्यांचा पेशंट. तीन महिन्यांच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या टेबलावर होत्या, पण रिपोर्ट सुधारला नव्हता. “गोळीचा उपयोग होत नाही. बंद करू,” म्हणत डॉक्टरांनी पेन उचललं. नजीरच्या बायकोने, हसीनाने, छातीशी धरलेल्या पिशवीतून नवऱ्याचा बटणांचा डबा काढून टेबलावर उपडा केला. पांढऱ्या बटणांत पांढऱ्या गोळ्या होत्या. “मेडिकलवाला बोलला, चरबी उतरवायची गोळी हाय. ह्यांच्या अंगावर चरबी हाय कुठं, साहेब? मी बदलून ताकदीची गोळी देत राहिले.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “तीन महिने गेले, ताई,” ते म्हणाले, “पण गोळी अजून हरली नाही.”  नजीरची बोटं बटणांतून गोळ्या वेचू लागली.