साडेतीन मिनिटं

करुणा मॅडम सानवीच्या इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटवर सही करत होत्या, तेवढ्यात दारात सखूबाई येऊन उभी राहिली. चपला बाहेर काढून ती आत आली, प्लास्टिकची पिशवी छातीशी धरली आणि वकीलबाईंना सोडून थेट सानवीकडे पाहिलं.

"तूच ना गो वाचलंस त्या दिशी?"

सानवीनं ओळखलं. मे महिन्यातलं हक्कसोडपत्र. चांदेराईकडची वडिलांची जमीन बहिणीनं भावाच्या नावे सोडलेली. असे कागद या ऑफिसात आठवड्याला दोन तरी होतात. बहिणी येतात, अंगठा देतात, भावानं मागवलेला चहा पितात आणि एसटी चुकायच्या आत निघतात.

"बसा ना, आजी."

"बसत नाय. माजा फणस तोडलान. जानूच्या पोरान. फर्निचरवाल्याला विकलान. मी म्हटलं, माज्या बापाशीनं माज्यासाठी लावलेला, तो माजा म्हून कागदात असंल. तर हसतोय माला."

त्या फणसापायीच ती दर वर्षी माहेरी जायची. जानू सख्खा भाऊ झाला तरी त्याच्या दारात बहिणीनं विनाकारण किती वेळा जायचं? फणस उतरवायला आले म्हटलं की कोणी काही विचारत नसे.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "आजी, जमीन झाडांसकट सोडलीत तुम्ही. तेव्हा वाचून दाखवलं होतं की." मग त्यांनी काळा कोट चढवला आणि कोर्टाची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

मॅडम खोटं बोलत नव्हत्या. शेवटच्या पानावर तसंच लिहिलं आहे: मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला. खाली साक्षीदार म्हणून सानवीची सही. कायदेशीर कागदावरची तिची पहिली सही. तिनं त्या सहीचा फोटो स्टेटसला ठेवला होता.

लॉच्या सीईटीला वेग लागतो, असं क्लासचे सर सांगतात. म्हणून सानवी हातात येईल ते घड्याळ लावून वाचायची. त्या दिवशीही टेबलाखाली फोनवर स्टॉपवॉच सुरू होतं. चार पानं, साडेतीन मिनिटं, एकदाही अडखळली नाही. सखूबाई मान डोलवत होती. मान डोलवते म्हणजे कळतंय, असं सानवीनं धरलं. मान काय, कीर्तनातही डोलवतात माणसं. समजावून सांगायचं तेवढं राहून गेलं.

'फणसाचं झाड वगळून' एवढे तीन शब्द वाढवायचे होते. जानू त्या दिवशी पेढे घेऊन आला होता, नाही म्हणाला नसता.

"परत वाच," सखूबाईनं पिशवीतून कागद काढला. "हळू वाच."

सानवी वाचू लागली. गट नंबर, चारी बाजूंच्या हद्दी, पूर्वेला ओढा. एक ओळ वाचायची, थांबायचं, साध्या भाषेत सांगायचं. सखूबाई मध्येच म्हणे, "ता आमचा व्हाळ," किंवा "तिथं पयला गोठा व्हता." दुसऱ्या पानावर सानवीचा आवाज बारीक झाला. "सदर मिळकतीतील झाड, झाडोरा, तृण, काष्ठ, पाषाण यांसह माझा संपूर्ण हक्क..." ती थांबली. "म्हणजे झाडंसुद्धा, आजी. फणससुद्धा."

"ह्ये त्या दिशी पन वाचलंस?"

"हो."

सखूबाईनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. सानवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निदान रागवावं हिनं, चार शब्द तोडून बोलावं, असं तिला फार वाटलं.

"आजी, मी तेव्हा..."

"आता कळलं." सखूबाईनं कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. दाराबाहेर चपला पायात सरकवताना ती वळली.

"अशी वाचतंस तवा किती बरी वाचतंस गो तू."