आत्याच्या नावची फुंकर

“आत्या, रोज चूल फुंकतेस की! मग ही पिशवी फुंकायला काय धाड भरली?” तनुजा हसली. पण मिश्री लावणारी हौसाआत्या श्वासातला कॅन्सर हुंगणाऱ्या यंत्राला पार टरकली होती. शेवटी भाचीनेच तिच्या नावची पिशवी टम्म फुगवून दिली.

तासाभराने ट्रस्टच्या दवाखान्याच्या गाडीतून नर्सताईंनी हाक मारली. “हौसा ढवळे! लाल आलंय. पण अगदी सुरुवात आहे, उपचार फुकट होतील.”

तनुजा एकदम मागे सरकली. तो श्वास तिचा होता.

आत्याने तिचं मनगट गच्च धरलं आणि तिला खिडकीशी ओढत नेलं.

“ताई, फुंकर हिची आहे. लबाडी मी केली,” ती म्हणाली. “हिला आधी आत घ्या. आणि मला नवी पिशवी द्या.”