वरच्या गल्लीचा बांध

शहात्तर साली सांगलीत कृष्णामाई चढली, तशी नगरपालिकेनं वाटलेली वाळूची पोती रचून हंबीररावांनी आपल्या गल्लीच्या तोंडाशी बांध घातला आणि सगळं पाणी खालच्या गल्लीत वळवलं. खालच्या मठात मृदंग वाजवणारा केरबा फावडं घेऊन बांध फोडायला धावत आला.

"आवं, आधी ऐकून तरी घ्या!"

"माझं घर बुडवतूस व्हय रं?" म्हणत हंबीररावांनी काठी हाणली. मृदंगावर नाचणारा तो हात कोपरात मोडला. दुसऱ्या घावाला कपाळ फुटलं आणि बुक्क्यावरून रक्त ओघळलं.

चिखलात पडलेला केरबा कण्हत म्हणाला,

"मठात पाणी शिरलंय, समदी बाहीर पडली. तुमची आई तेवढी बसलीया... आरती झाल्याबिगर कीर्तनातनं उठायची न्हाई म्हणती."